पायऱ्यांचा रकाना

सोमवार, ३
पाय उचलले : दहा. फेऱ्या : सहा. पायऱ्या : नाही.

ही वही व्यायाम घेणाऱ्या बाईने दिली. म्हाताऱ्याने रोज काय केलं ते लिहायचं. तिने पट्टीने तीन रकाने आखून दिले आणि वर बजावलं, "आजी, खोटं लिहू नका हं." मी म्हटलं, बाई, मी चौथीपर्यंत शिकले, खोटं लिहायला निदान सातवी लागते. ती हसली. मी काही हसायला सांगितलं नव्हतं.

तीन रकान्यांत पान संपत नाही, खाली जागा उरते. कागद फुकट घालवायची मला सवय नाही, म्हणून उरलेल्या जागेत माझं लिहिते. म्हातारा ही वही उघडत नाही. त्याला आकडे आवडतात, पण स्वतःचे नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी हा मागच्या दारातून उतरताना पडला. खुबा मोडला. आत सळई घातली, हाड जुळलं, घरभर काठी टेकत हिंडतो. पण मागच्या दाराशी गेला की थांबतो. दारातून अंगण दीड फूट खाली, मधे पायरी नाही. अंगणापलीकडे त्याची शेड. चाळीस वर्षं तिथे सुतारकाम केलं, आणि आठ महिने शेडचं कुलूप निघालेलं नाही.

सुताराच्या घराला पायरी नाही. हे कोणाला सांगायची सोय नाही. सिमेंटची बांधता येत नाही, तिथे गटाराचं झाकण आहे, ते अधूनमधून उघडावं लागतं. लाकडाची, उचलून बाजूला ठेवता येईल अशी हवी. लग्न झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी सांगितलं होतं. "करतो" म्हणाला. अजून करतोय.

आज लेकीचा फोन आला. "आई, हत्यारं गंजून चाललीत. एक फर्निचरवाला सगळी घ्यायला तयार आहे, तीस तारखेला येईल. बाबा वापरणार असतील तर राहू देत. पण ते उतरतच नाहीत, मग ठेवायची कोणासाठी?" म्हाताऱ्याला विचारलं, तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "देऊन टाका."

देऊन टाका! त्याच्या पटाशीने मी एकदा डब्याचं झाकण उघडलं होतं तर चार दिवस बोलला नव्हता.

हत्यारं गेली तर हा माणूस मरेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात बसणार, आणि भाजीचे तुकडे सारखे नाहीत म्हणून सांगणार. आत्ताच सांगतो. तेव्हा पायरी मी करणार. चाळीस वर्षं शेडच्या दारात उभं राहून बघितलंय. त्यात काय आहे एवढं?

बुधवार, ५
पाय : दहा. फेऱ्या : सात. पायऱ्या : नाही.

कुलूप उघडायला तेल लागलं. आत जाळी, धूळ, आणि करवतीला गंज. करवत रॉकेलच्या फडक्याने पुसली. एवढ्यात माझाच अवतार झाला.

मोजमाप घ्यायला पट्टी मागितली. म्हातारा ज्या टेबलाशी बसतो त्याच्या खणात त्याची लाकडी घडीची पट्टी असते. चार घड्या, उघडली की तीन फूट. घासून गुळगुळीत झालीय. काढून दिली. मी म्हटलं, "पायरी करतेय."

"कोण?"

"मी. ह्या घरात दुसरं कोण उभं राहू शकतं?"

म्हणाला, "कर."

दाराच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला गच्चीवरून आलेला पाइप. मधली जागा तीस इंच भरली. दोनदा मोजली. दोन खोकी करायची ठरवली, एक बारा इंच उंच, एक सहा. उतरताना आधी मोठं, मग छोटं. हे मी ठरवलं, कोणी सांगितलं नाही.

म्हाताऱ्याला चहा दिला तर म्हणाला अर्धाच दे. आयुष्यभर काठोकाठ कप लागला, आता अर्धा. म्हणे साखर वाढते. कोणी मोजली ह्याची साखर?

शुक्रवार, ७
पाय : दहा. फेऱ्या : सात. पायऱ्या : नाही.

लाकडाच्या वखारीत गेले. वखारवाला म्हणाला, "आजी, कोणासाठी?" म्हटलं, "माझ्यासाठी. मी सुतार." त्याने हमालाकडे बघितलं, हमालाने आकाशाकडे. तीस इंचांच्या सहा फळ्या त्याच्या यंत्रावर कापून घेतल्या. त्याने सांगितलं, गाठी असलेली फळी घेऊ नका, गाठीपाशी लाकूड दगा देतं. मी म्हटलं ते मला माहीत आहे. माहीत नव्हतं. पण आता आहे.

शनिवार, ८
पाय : आठ. फेऱ्या : पाच. पायऱ्या : नाही.

एकही फळी बसत नाही. सहाच्या सहा. एका टोकाला भिंत लागते आणि दुसऱ्या टोकाला पाइप. तिरकी बसते, पण तिरक्या पायरीवरून उतरायला आम्ही काय खेकडे आहोत?

पट्टीने मोजलं. फळी एकतीस इंच! लबाड वखारवाला. म्हातारी बघून काहीतरी कापून दिलं. म्हाताऱ्याला सांगितलं तर वर्तमानपत्र टेबलावर पसरून त्याच्यावर वाकून बसला होता तसाच बसला. "होतं असं" म्हणाला. काय होतं असं? चोरी?

सोमवार, १०
पाय : नाही. फेऱ्या : नाही. पायऱ्या : नाही. (आज मीच घरात नव्हते. नंतर विचारलं नाही, बोलणं बंद होतं.)

एक फळी आणि पट्टी काखेत घेऊन वखारीत गेले. गिऱ्हाईक होतं, चांगलं सहा-सात माणूस. मला वाटलं बरंच झालं, सगळ्यांना कळू दे. म्हटलं, "तीस सांगितले, एकतीस दिलेस. डोळे आहेत की लाकडाच्या गाठी?" त्याने आपला टेप लावला. तीस. मी माझी पट्टी लावली. एकतीस. सगळे गोळा झाले. मी म्हटलं, "तुझा टेप खोटा आहे, ही पट्टी चाळीस वर्षं चाललीय."

त्याने पट्टी हातात घेतली, टोक बघितलं आणि अगदी हळू, सभ्यपणाने म्हणाला, "आजी, हिला पहिला इंच नाही."

मोडलाय. टोक घासून असं गुळगुळीत झालंय की मुळातच तसं असावं असं वाटतं. टोकालाच एकचा आकडा आहे. म्हणजे पट्टीवर जे दिसेल त्यातून एक वजा करायचा. दारातली जागा एकोणतीस इंच होती. मी तीस मोजली, त्याने प्रामाणिकपणे तीस कापली. हमाल भिंतीकडे तोंड करून खोकत होता. मला खोकला आणि हसणं यातला फरक कळतो.

घरी आले. "अहो, पहिला इंच कुठे गेला?"

"मोडला. लेक झाली त्या वर्षी."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं कुठे? मी मनातल्या मनात एक वजा करतो. सवयीने."

मी खण ओढला. पट्टी जिथे असते त्याच्या खालीच पोलादी टेप होता. "आणि हा?"

"तो गंजलाय."

ओढून बघितला. सर्रकन बाहेर आला आणि सर्रकन आत गेला. असला गंज मला झाला असता तर बरं झालं असतं.

पायरी होऊ नये असं ह्याला वाटतं का, असं एक क्षण मनात आलं. मग म्हटलं, नाही, बायकोने केलेली पायरी चालत नसेल. पुरुषाची जात.

गुरुवार, १३
पाय : दहा. फेऱ्या : आठ. पायऱ्या : नाही.

सहा फळ्यांचा एकेक इंच कापून काढायला तीन दिवस लागले. फुटभर कापणं सोपं, एक इंच कापणं हे शत्रूला सांगावं. टोकाला करवत धरच घेत नाही, उड्या मारते. दोन बोटं सोलली.

जे कळलं ते लिहून ठेवते. रेघेवर कापायचं नाही. रेघेच्या बाहेरून, टाकून द्यायच्या बाजूने कापायचं, कारण करवत स्वतःच्या पात्याएवढं लाकूड खाते. आणि दाबायचं नाही. दाबलं की अडकते. लांब ओढायची, ती तिच्या वजनाने जाते. हे म्हाताऱ्याने दारातल्या खुर्चीवरून सांगितलं, पण चौथ्या फळीला. पहिल्या तीन फळ्यांना त्याला झोप लागली होती.

दाढी वाढवत चाललाय. महिनाभर वस्तरा लावलेला नाही. म्हटलं, संन्यास घ्यायचा तर घ्या, पण आधी उतरून दाखवा.

शनिवार, १५
पाय : दहा. फेऱ्या : आठ. पायऱ्या : नाही.

स्क्रू पिळला. फळी टोकापासून चिरली, नदी फुटावी तशी. दारातून आवाज आला, "आधी बारीक भोक पाडायचं असतं."

मी म्हटलं, "मग आधी बोलायचं असतं!"

त्यावर हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल. मला त्याच्या डोक्यात फळी घालावीशी वाटली.

वखारीत जाऊन एक फळी आणली. वखारवाल्याने एक आगाऊ दिली. म्हणाला, "राहू दे आजी, लागेल." अपमान की मदत, ठरवता आलं नाही. घेतली.

मंगळवार, १८
पाय : दहा. फेऱ्या : नऊ. पायऱ्या : नाही.

दोन्ही खोकी उभी राहिली. दारात लावली. म्हाताऱ्याने आतून काठीने मोठं खोकं दाबलं. "डुगडुगतंय."

डुगडुगत होतं. खोटं बोलत नाही, व्यायामवाल्या बाईला वचन दिलंय. तिथेच लादीवर कुठला कोपरा उचलतो ते बघितलं, बाकीचे तीन कानसने घासले. मग दुसराच उचलायला लागला. त्याच्या बाजूचे घासले तर परत पहिला उचलायला लागला. असं संध्याकाळपर्यंत. मोठं खोकं आता पावणेबारा इंच आहे. असंच घासत राहिले तर महिनाअखेर फरशीच होईल.

बुधवार, १९
पाय : दहा. फेऱ्या : नऊ. पायऱ्या : नाही.

खोकं वाकडं नव्हतंच! अंगणाची लादी उंचसखल आहे. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेऊन आपणच स्वतःला घासत बसायचं, हे मी आधीही केलेलं आहे, पण लाकडावर पहिल्यांदाच. एका कोपऱ्याखाली पातळ पाचर ठोकली. आता हत्ती उभा करा.

शुक्रवार, २१
पाय : दहा. फेऱ्या : दहा. पायऱ्या : नाही.

मोठ्या खोक्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला. बाजूला मी स्वतः उभी राहिले आणि उडी मारली. ह्या वयात. पेल्यातून थेंब सांडला नाही. म्हातारा दारात होता, सगळं बघत होता. दोन्ही हात शालीच्या आत. एवढी थंडी कुठे आहे?

"बघितलं?"

"हं."

"मग उतरा."

काठीने दाबलं. "डुगडुगतंय."

"पेला बघा! पाणी बघा!"

"पाण्याला काय कळतं?" असं म्हणून आत गेला.

चाळीस वर्षांत मी ह्या माणसाला पुष्कळ बोलले. आज भांडी घासली. एक कप फुटला.

संध्याकाळी नवीन खूळ. बटणांचा सदरा नको, डोक्यातून घालायचा दे. मी म्हटलं, उद्या लंगोट मागाल. दिला.

सोमवार, २४
पाय : बारा. फेऱ्या : दहा. पायऱ्या : नाही.

व्यायामवाली बाई आली. पायरी बघून म्हणाली, "आजी, तुम्ही केलीत? छान आहे की." तिने म्हाताऱ्याचा पाय वाकवला, सरळ केला, एका पायावर उभं केलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पायाचं आता काही नाही. ते हवं तेव्हा उतरू शकतात."

"मग का उतरत नाहीत?"

"ते पायाचं नाही."

"मग काय नाकाचं आहे?"

म्हणाली, "तुम्हीच बघा." शिकलेल्या बायकांचं हे असं. फी घेऊन कोडी घालतात.

बुधवार, २६
सगळं जसंच्या तसं. पायऱ्या : नाही.

लेकीचा फोन. फर्निचरवाला तीसला सकाळी येतोय. "बाबा उतरले का?" नाही. "मग काय करायचं, आई?" मी म्हटलं, "येऊ दे त्याला." आणखी काय म्हणणार? फोन म्हाताऱ्याला दिला तर टेबलावर ठेव म्हणाला, आवाज मोठा कर म्हणाला. बापलेक हवापाण्याचं बोलले.

शनिवार, २९
रकाने शेवटी भरते.

उद्या हत्यारं जाणार. मनात आलं, महिनाभर कापलं, ठोकलं, घासलं, पण रंधा काही मारला नाही. चाळीस वर्षं तो आवाज ऐकत भाजी चिरली. एकदा आपल्या हाताने मारून बघू. वखारवाल्याने दिलेली आगाऊ फळी शिकंज्यात अडकवली आणि रंधा लावला.

खर्रर्र. लाकडाचे लचके निघाले. परत मारला. खर्रर्र. कुत्र्याने गादी फाडावी तसा आवाज.

घरातून ओरड आली. "अगं, उलटा मारतेयस! लाकडाच्या रेषा बघ!"

"काय?"

"फळी फिरव! रेषा तुझ्याकडे येतायत!"

"ऐकू येत नाही!"

सगळं ऐकू येत होतं. पण महिनाभर दारात बसून सूचना सोडणाऱ्या माणसाचं मी ऐकायचं म्हणून काय सही केलीय? तशीच मारत राहिले. फळीची पार वाट लागली. तो आतून ओरडतोय, "थांब! बाई, थांब! लाकूड आहे ते!" आणि मी खर्रर्र.

मग आवाज बंद झाला. वाटलं, गेला वर्तमानपत्रात.

टक. काठी लाकडावर टेकली. मग पाऊल. टक. मग पाऊल. मग काठीचा आवाज बदलला, लादीवरचा. मी मान वळवली नाही. वळवली असती तर परत गेला असता.

शेडच्या दारात येऊन उभा राहिला. धापा टाकत होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ फळीपाशी गेला. जनावर विकत घेताना पाठीवरून हात फिरवतात तसा फळीवरून हात फिरवला. "फिरव" म्हणाला. मी शिकंजा सैल केला, फळी फिरवली. "दे इकडे." मी रंधा दिला.

त्याने तो फळीवर टेकवला. रंधा वाजायला लागला. टकटकटक, थंडीत दात वाजतात तसा. मला वाटलं पातं सैल आहे. पातं घट्ट होतं.

अर्धा कप. दाढी. बटणं. शाल. टेबलावर ठेवलेलं वर्तमानपत्र, टेबलावर ठेवलेला फोन. आठ महिने हा माणूस माझ्या समोर बसलाय आणि मी पायाचे आकडे लिहितेय.

रंधा एकदा पुढे ढकलला. फळीवर आडव्या दातऱ्या उमटल्या. थांबला. फळीकडे बघत म्हणाला, "दिसलं?"

"काय दिसायचंय? बाजूला व्हा, उजेड अडवताय."

रंधा काढून घेतला. तो स्टुलावर बसला. मी एक हात मारला, वाकडा गेला. मग तोंड उघडलंच. "सुरू करताना पुढच्या हाताने दाब. संपवताना मागच्या. आणि मधे श्वास घे, भांडायला जातेयस का?"

पाचव्या की सहाव्या खेपेला साल निघाली. सलग, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, रिबिनीसारखी. मी उचलली नाही. त्याने उचलली. उजेडाकडे धरली. हातात ती थरथरत होती, आता लपवायला शाल नव्हती.

"जाड आहे" म्हणाला.

आता हा रोज इथे बसणार आणि मला शिकवणार. एवढंच व्हायचं राहिलं होतं.

येताना मी मागे होते. पायरी डुगडुगल्याचं काही बोलला नाही.

पाय : नाही. फेऱ्या : नाही. पायऱ्या : उतरला दोन. चढला दोन.

रविवार, ३०
फर्निचरवाला आला. चांगला होता, हत्यारांना नीट हात लावत होता, म्हणून जास्तच राग आला. म्हातारा शेडमधे स्टुलावर बसलेला. फर्निचरवाल्याने रंधा उचलला, पात्यावर अंगठा टेकवला. "काका, पातं परवापरवा वापरल्यासारखं आहे. कोण वापरतं?"

म्हातारा म्हणाला, "ही वापरते. वाईट वापरते."

फर्निचरवाला माझ्याकडे बघायला लागला. मी हात पुढे केला. त्याने रंधा परत दिला. दाराबाहेर गेला तेव्हा म्हातारा मागून ओरडला, "पायरी जपून! डुगडुगते!"

डुगडुगत नाही. मी उडी मारून बघितलंय.

लेकीला फोन केला. म्हटलं, हत्यारं कामात आहेत. "बाबांच्या?" मी म्हटलं, "फोन ठेव, मला काम आहे."

पाय : दहा. फेऱ्या : नाही, शेडमधे होता. पायऱ्या : उतरला चार. चढला चार.

चौथा रकाना मी आखला. पट्टी तीच घेतली, पण एक वजा करून. चहा : अर्धा कप, चार वेळा. न मागता दिला.